थिटाच्या नादी लागण्यापूर्वी

प्रथम अभिनंदन. दहावीला गणितात बरे मार्क पडले म्हणून घरच्यांनी सायन्सला घातलं, आणि ग्रुप निवडताना आत्याचे यजमान म्हणाले, ‘मॅथ्स सोडू नको, सगळे रस्ते उघडे राहतात.’ हे वाक्य बोलणाऱ्या माणसानं स्वतः अकरावीचं गणित सहसा केलेलं नसतं. तरी त्यांचं ऐकावं. दिवाळीला आत्याकडंच जायचं असतं.

ही सूचनावली शिवाजी पेठेत राहणाऱ्या आणि कॉलेजातल्या त्रिकोणमितीशी पहिल्यांदाच गाठ पडणाऱ्या मुला-मुलींसाठी आहे. मंगळवार पेठेतल्या मुलांनीही वाचायला हरकत नाही. फुटबॉलचा उल्लेख येईल तिथं त्यांनी पान उलटावं.

त्रिकोणमिती हा काही वेगळा विषय नव्हे. बालभारतीनं 2019 साली काढलेल्या अकरावीच्या गणिताच्या पहिल्या भागात ती अगदी सुरुवातीलाच तीन धडे अडवून बसली आहे: एक कोनमापनाचा, पुढचे दोन खुद्द त्रिकोणमितीचे. म्हणजे कॅन्टीन कुठं आहे हे कळायच्या आत थिटा भेटतो. पेठेतल्यांची एक सोय अशी, की न्यू कॉलेज पेठेतच आहे. राजर्षी शाहूंच्या काळात, 1920 साली उभ्या राहिलेल्या प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंगचं हे कॉलेज. चालत जाता येतं, बसचा पास लागत नाही. गैरसोय एवढीच, की लेक्चर बुडवून निवृत्ती चौकात अर्ध्या शिवाजी पुतळ्यापाशी उभं राहिलं, की दहा मिनिटांत कुणीतरी काकू विचारतात, ‘काय रं, आज सुट्टी?’ आणि संध्याकाळपर्यंत ही चौकशी तुमच्या आधी घरी पोचलेली असते.

आणखी एक मानसिक तयारी करून ठेवावी. कोल्हापुरात गणिताचा विषय निघाला, की कुणीतरी जयंत नारळीकरांचं नाव काढतंच. त्यांचा जन्म इथलाच, 1938 सालचा. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हेही कोल्हापुरात जन्मलेले मोठे गणिती. ‘त्याच पाण्यावर वाढलाईस की तू पण,’ असं तुम्हाला ऐकवलं जाईल. वाद घालू नये. त्यांचं बालपण बनारसला गेलं, आणि तिथं त्यांचे मामा घरातल्या फळ्यावर भाच्यासाठी अवघड गणित लिहून ठेवायचे, हे सांगावं आणि आपल्या मामाकडं बघावं. विषय आपोआप बदलतो.

लागणारं साहित्य

पुस्तक, लॉग टेबल, दोन फुलस्केप वह्या. दहावीनंतर कंपास पेटी कुणी उघडत नाही. कर्कटक तर गणपतीच्या सजावटीत थर्माकोल कापताना मोडलेलं असतं. तरी पेटी टाकू नये. आतल्या कोनमापकाला पुढं काम आहे.

कॅल्क्युलेटर घेऊ नका असं नाही, पण बोर्डाच्या गणिताच्या पेपरला तो चालत नाही, लॉग टेबल चालतं. शिवाय त्याच्या पोटात एक खोड असते. कोन अंशांत मोजायचा की रेडियनमध्ये, हे त्याला आधी सांगावं लागतं, आणि ते स्क्रीनच्या कोपऱ्यात इतक्या बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की मोतीबिंदू नसलेल्यालाही दिसत नाही. साइन 30 चं उत्तर अर्धा, हे शेंबडं पोरही सांगेल. रेडियनवर अडकलेला कॅल्क्युलेटर उणे 0.988 सांगतो. मग मुलगा आधी स्वतःवर, नंतर पुस्तकावर आणि शेवटी आर्यभटावर शंका घेतो. रेडियन म्हणजे काही भयंकर नव्हे. वर्तुळाच्या त्रिज्येएवढी दोरी त्याच्या कडेनं टाकली, की ती केंद्रापाशी जेवढा कोन करते, तो एक रेडियन, साधारण 57.3 अंश. एवढं वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, तर पहिला धडा संपल्यातच जमा आहे.

थिटाची ओळख

थिटा हे कोनाचं नाव. दहावीत तो काटकोन त्रिकोणात गपगुमान बसलेला असतो, 30, 45 नाहीतर 60 अंशांचा. अकरावीत त्याला पाय फुटतात. तो 90 ओलांडतो, 360 च्या पुढं जातो, उलटा फिरून ऋणसुद्धा होतो. ‘त्रिकोणाचे तिन्ही कोन मिळून 180, मग 765 अंशांचा कोन आला कुठनं?’ असा प्रश्न डोक्यात आला, तर तो वर्गात विचारा. या कोर्समधला हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे, आणि तो विचारायची लाज वाटते म्हणून पुढचं सगळं धूसर राहतं. उत्तर असं, की अकरावीत त्रिकोण मागं पडतो आणि वर्तुळावर फिरणारा एक बिंदू पुढं येतो. पहाटे रंकाळ्याला फेऱ्या मारणाऱ्या माणसासारखा. दोन फेऱ्या पुऱ्या करून तिसरीचा आठवा हिस्सा चालून तो थांबला, तर तो 765 अंश फिरला. उभा मात्र 45 अंश चाललेल्या माणसाच्याच जागी आहे. म्हणून दोघांचा साइन एकच. रंकाळा गोल नाही हे मान्य, पण फेरी म्हणताना आपण तरी कुठं टेप लावतो?

मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिले पंधरा दिवस जड जातात. कर्णाचा हायपोटेन्यूज होतो, लगतची बाजू अ‍ॅडजसंट होते. सेमीवाली मुलं शेजारी बसून हसतात. त्यांना हसू द्यावं. आकृती दोघांची सारखीच असते, आणि आकृती न काढणाऱ्याचे हाल दोन्ही भाषांत सारखेच होतात.

बाजूंची गुणोत्तरं लक्षात राहत नसतील, तर ‘सासक, कोलक, टॅसल’ असं घोकावं. साइन म्हणजे समोरची भागिले कर्ण, कोसाइन म्हणजे लगतची भागिले कर्ण, टॅन म्हणजे समोरची भागिले लगतची. कुठल्या चरणात कोण धन, यासाठी इंग्रजीत चहा-कॉफीची वाक्यं आहेत. आपल्याला चहा-कॉफीचं काय कौतुक? ‘सगळ्यांना सांगून टाक कट’ हे वाक्य पुरतं. पहिल्या चरणात सगळे धन, दुसऱ्यात साइन, तिसऱ्यात टॅन, चौथ्यात कॉस. मिसळ समोर असताना पाठ केलं तर जन्मभर विसरणार नाही.

स्वभावांची माहिती असलेली बरी. पेठेत एकानं एक सांगितलं, की दुसरा त्याच्यावरचं सांगतो. साइन आणि कोसाइन यांना ते जमत नाही. ते 1 च्या वर चढत नाहीत आणि उणे 1 च्या खाली उतरत नाहीत. तेव्हा साइन थिटा बरोबर 1.3 असं उत्तर आलं, तर पुढची पायरी लिहू नका. चूक वरच्या ओळीतच आहे. टॅन मात्र अस्सल पेठेतला. 45 अंशांला तो 1 असतो, 89 ला 57.29, 89.9 ला 572.96, आणि 90 ला त्याची किंमतच सांगता येत नाही.

पाठांतराविषयी

दुसऱ्या महिन्यात फॉर्म्युल्यांची लाट येते. कंपाउंड अँगल, अलाइड अँगल, मल्टिपल, सबमल्टिपल, मग फॅक्टरायझेशन आणि त्याचं उलटं डिफॅक्टरायझेशन. परंपरा अशी आहे, की एका मोठ्या कार्डशीटवर हे सगळे स्केचपेननं लिहून कपाटाच्या दारावर, आरशाशेजारी आणि बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायचे. महिन्याभरात घरातल्या सगळ्यांना ते पाठ होतात. आजी भांडी लावता लावता ‘साइन स्क्वेअर अधिक कॉस स्क्वेअर’ म्हणायला लागते. फक्त ज्याच्यासाठी कागद लावला, त्याची नजर त्या जागेवरून सवयीनं घसरत जाते.

पाठ करायचंच असेल तर थोडकंच करावं आणि बाकीचं त्यातून काढावं. साइन वर्ग अधिक कॉस वर्ग बरोबर एक, हे तर पायथागोरसच. कर्ण 1 धरला की झालं. त्याला कॉस वर्गानं भागलं की टॅन-सेकचं सूत्र मिळतं, साइन वर्गानं भागलं की कॉट-कोसेकचं. तीन फॉर्म्युले नाहीतच ते, एकाचेच तीन फोटो आहेत. अलाइड अँगलला मुलं मान हलवण्याची युक्ती वापरतात, ती चांगली आहे: 90 आणि 270 उभ्या अक्षावर, मान उभी हलते, होकार, म्हणजे साइनचा कॉस होतो; 180 आणि 360 आडव्या अक्षावर, मान आडवी, नकार, फंक्शन तेच राहतं. चिन्ह चरणावरून. परीक्षा हॉलमध्ये पस्तीस मुलं एकदम मान हलवताना दिसली, तर सुपरवायझरनं घाबरू नये.

एक चूक मात्र कोल्हापूरपासून कोलंबोपर्यंत सगळे करतात. साइन ए अधिक बी म्हणजे साइन ए अधिक साइन बी, असं बिनधास्त लिहून मोकळे होतात. कंस दिसला की आत वाटायचं, ही सातवीतली सवय. एकदाच 30 आणि 30 घालून पाहावेत. साइन 30 अधिक साइन 30 बरोबर 1. साइन 60 तर 0.866. संपला वाद. खरं सूत्र साइन ए कॉस बी अधिक कॉस ए साइन बी. भास्कराचार्यांनी 1150 सालच्या सिद्धान्तशिरोमणीत, ज्योत्पत्तीच्या भागात ते दिलेलं आहे, आणि त्यांच्या विद्येसाठी नातवानं काढलेल्या मठाचा शिलालेख आपल्याच राज्यात, चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. हे सूत्र चुकलं की पेपर तपासणाऱ्यापेक्षा मोठ्या माणसाचा अपमान होतो, एवढं समजून चुकावं.

हेन्स प्रूव्हड

‘सिद्ध करा’ या प्रकाराला नवशिके घाबरतात. वास्तविक यात उत्तर आधीच छापलेलं असतं. असा परोपकारी प्रश्न दुसऱ्या कुठल्या विषयात येत नाही. रीत अशी: डावी बाजू घ्यायची, सगळ्याचं साइन-कॉसमध्ये रूपांतर करायचं, छेद सारखे करायचे, आणि उजवी बाजू येईपर्यंत दम धरायचा. येतच नसेल, तर कच्च्या पानावर उजव्या बाजूकडून उलटं निघायचं. दोन्हीकडून येणाऱ्या ओळी कुठंतरी जवळ येतात. तिथं एका ओळीचं अंतर उरतं, ते अनेकजण धीर करून ओलांडतात आणि खाली ठळक अक्षरात ‘हेन्स प्रूव्हड’ लिहून दोन रेघा मारतात. तपासणारे सरही कधी विद्यार्थी होते. ती एक ओळ त्यांना लांबूनच ओळखू येते.

इथं या सूचनावलीचं खरं दुखणं सांगून टाकतो. तीन धडे, ढीगभर सूत्रं, दोन चाचण्या आणि एक वार्षिक परीक्षा, एवढ्या सगळ्यात कुणीही तुम्हाला एकदासुद्धा प्रत्यक्ष कोन मोजायला सांगत नाही. दहावीत निदान दीपगृह होतं, पतंग होता, वादळात मोडलेलं झाड होतं. ज्या पोरानं समुद्र फक्त गणपतीपुळ्याला पाहिला, त्यानं दीपगृहापासून जहाज किती लांब ते काढलं. अकरावीत जहाजही गेलं. उरला नुसता थिटा, कशाचा ते विचारायचं नाही. पोहायला शिकवताना कुणी कोरड्या विहिरीत उतरवत नाही. गणितात मात्र हे चालतं. तेव्हा पुढचा भाग अभ्यासक्रमाबाहेरचा आहे, आणि तोच आधी करावा.

रस्त्यावरचं प्रात्यक्षिक

कोनमापकाच्या सरळ कडेला शहाळ्याची नळी चिकटपट्टीनं लावा. मधल्या भोकातून दोरा ओवून खाली एक नट बांधा. झालं यंत्र. गल्लीतल्या एखाद्या उंच इमारतीपासून वीस मीटर मोजून उभे राहा, नळीतून गच्चीची कड पाहा, आणि दोरा कुठं लटकतो ते मित्राला वाचायला सांगा. दोरा 55 दाखवत असेल, तर तुमचा कोन 90 उणे 55, म्हणजे 35. टॅन 35 साधारण 0.7. वीस गुणिले 0.7, चौदा मीटर. आता थांबा. ही उंची तुमच्या डोळ्यापासून वरची आहे. डोळा जमिनीपासून दीड मीटरवर, म्हणून साडेपंधरा. ही दीड मीटरची चूक अशी आहे, की एकदा रस्त्यावर केली तर पेपरात होत नाही.

अडचण वेगळीच असते. पेठेत वीस मीटर मोकळी जागा पहाटे दूध घालायच्या वेळीच सापडते, आणि तेव्हाही कट्ट्यावर आबा बसलेले असतात.

‘काय करायलाईस रं?’

‘उंची मोजायलोय, आबा.’

‘कुणाची?’

‘त्या बिल्डिंगची.’

‘का, इकायची हाय?’

‘न्हाई, अभ्यास हाय.’

‘मग मालकाला इचार की. वरची टाकी सुदीक त्यानंच बसवलीया, इंचात सांगंल.’

आबांना उलट उत्तर देऊ नये. त्यांच्या सांगण्यात तथ्य आहे. जिथं टेप पोचतो तिथं टेपच लावावा. त्रिकोणमिती लागते ती जिथं पोचता येत नाही तिथं. रंकाळ्याच्या या काठावर उभं राहून पलीकडच्या शालिनी पॅलेसच्या मनोऱ्याची उंची काढायची, तर मधे पाणी. मग एका जागेवरून कोन घ्यायचा, सरळ मागं ठरावीक अंतर चालायचं, पुन्हा कोन घ्यायचा, आणि दोन टॅनमधून उत्तर काढायचं. करून पाहा; पहिलं उत्तर हास्यास्पद येईल. लांबून कोन लहान असतो, आणि तीन अंशांच्या जागी चार वाचले तर उंची तिसऱ्या हिश्श्यानं वाढते. आपला कोनमापक तर अर्धा अंशही धड दाखवत नाही.

म्हणूनच इंग्रजांनी 1802 साली मद्रासपासून देश मोजायला काढला, तेव्हा कर्नल लॅम्टननं अर्ध्या टनाचं थिओडोलाइट बरोबर घेतलं. तंजावरच्या मोठ्या देवळावर ते चढवताना दोर तुटून आपटलं, तेव्हा त्यानं स्वतः बसून ते दुरुस्त केलं. त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो उत्तरेकडं सरकत राहिला आणि 1823 साली मुक्कामातच गेला, तो आपल्या विदर्भातल्या हिंगणघाटला. काम पुढं चालू राहिलं. पुढं 1852 मध्ये राधानाथ सिकदारांनी आकडेमोड करून सांगितलं, की शिखर क्रमांक 15 जगात सगळ्यात उंच आहे. त्या शिखरावर तोवर कुणाचंही पाऊल पडलेलं नव्हतं. नेपाळात शिरायची परवानगीही नव्हती. लांबून कोन घेतले, बस्स. आकडा आला 29,002 फूट.

फुटबॉलवाल्यांना मात्र नवीन काही सांगायला नको. गोल 7.32 मीटर रुंद, पेनल्टीची जागा 11 मीटरवर. तिथून दोन्ही खांबांकडं पाहिलं तर साधारण 37 अंशांची फट मिळते. वीस मीटरवरून तीच फट 21 अंशांची, आणि कॉर्नरच्या झेंड्यापासून शून्य; तिथून सरळ मारलेला बॉल गोलात जाऊच शकत नाही, वळवावाच लागतो. शाहू स्टेडियमवर शिवाजी विरुद्ध पाटाकडीलची मॅच असली, की मागच्या पायरीवरचा दहावी नापास माणूससुद्धा ओरडतो, ‘आरं फुडं यी, अँगल कमी कर!’ गोलकीपर पुढं आला की फट अरुंद होते, हे त्याला इन्व्हर्स टॅनशिवाय कळतं. पेठेतल्या मुलाला त्रिकोणमिती अवघड जाते हे मला खरंच पटत नाही. त्याला फक्त ही तीच आहे हे कुणी सांगितलेलं नसतं.

देवीच्या दारात

आता या कोर्समधला सगळ्यात चांगला धडा. तो पुस्तकात नाही, पेठेपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर अंबाबाईच्या देवळात आहे, आणि त्याच्या तारखा ठरलेल्या आहेत: 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी, आणि 9, 10, 11 नोव्हेंबर. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि गाभाऱ्यात मूर्तीवर पडतात. परंपरेनं पहिल्या दिवशी चरण, मग मध्यभाग, मग मुख. आपण लहानपणापासून ऐकतो, हात जोडतो, मोबाइलवर फोटो बघतो. एकदा वही घेऊन बसा.

नोव्हेंबरच्या आणि फेब्रुवारीच्या तारखांचा काय संबंध? 22 डिसेंबरला सूर्य सगळ्यात दक्षिणेला असतो. तिथून मागं 42 दिवस मोजले की 10 नोव्हेंबर, पुढं 41 मोजले की 1 फेब्रुवारी. जाताना आणि परत येताना सूर्य त्याच ठिकाणावरून जातो. दोन्ही वेळेला त्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचं कोनात मोजलेलं अंतर, दक्षिणेला 17 अंशांच्या आसपास. कोल्हापूरचा अक्षांश 16.7. आता सूत्र एकच: क्रांतीच्या साइनला अक्षांशाच्या कॉसनं भागायचं. 0.294 भागिले 0.958, आलं 0.307. लॉग टेबलात उलटं शोधा, 18 अंश. म्हणजे त्या दिवसांत सूर्य बरोबर पश्चिमेला मावळत नाही, 18 अंश दक्षिणेकडं सरकून मावळतो. रोज तो पाव अंशाहून जरा जास्त सरकतो, म्हणून हा खेळ मोजक्याच दिवसांचा.

आणि किरणं खालून वर का चढतात? सूर्य उंच असताना तिरीप तिरकी येऊन जमिनीवर पडते. तो खाली उतरत जातो तसा कोन लहान होतो, तिरीप आडवी होत जाते, आणि उजेड पायापासून वर सरकतो. सूर्य उतरतो, प्रकाश चढतो. समोरची बाजू, लगतची बाजू आणि टॅन, दहावीचंच गणित.

दरवर्षी बातमी येते, की अमुक इमारतीचा, फांदीचा, नाहीतर ढगाचा अडथळा आला. ढगाला कुणी काही करू शकत नाही. इमारतीचं बघा. किरणांच्या वाटेवर शंभर मीटरवर कुणी गच्चीत तीन मीटरची टाकी बांधली, असं धरा. तीन भागिले शंभर, 0.03, म्हणजे 1.7 अंश. त्या दिवसांत मावळताना सूर्य एक अंश उतरायला सुमारे साडेचार मिनिटं घेतो. गुणाकार करा: साडेसात मिनिटं. एका टाकीनं शेवटची साडेसात मिनिटं खाल्ली, आणि किरणं चेहऱ्यापर्यंत पोचायची असतात ती नेमकी त्या शेवटच्या मिनिटांतच. आबांनी सांगितलेला तो टाकीचा मालक आता तुम्हाला वेगळा दिसायला लागेल.

हे गणित एखाद्या पेपराला कुणी घालेल, अशी आशा ठेवू नका.

पेपरच्या आदल्या दिवशी

आयएमपी म्हणून जो कागद फिरतो, तो गेल्या वर्षीचा असतो. त्यावर कितवी झेरॉक्स आहे ते अक्षरं किती पुसट आहेत त्यावरून कळतं. त्यातला प्लस की मायनस हे ओळखू येत नसेल, तर तो फॉर्म्युला सोडून द्या आणि 30 घालून स्वतः तपासा. क्लासच्या नोट्स आणि कॉलेजच्या नोट्स एकाच टेबलावर उघडू नका. एकीकडं ए-बी असतं, दुसरीकडं सी-डी, आणि रात्री अकरा वाजता चारही भेटतात. आईनं विचारलं, ‘झालं का?’ तर ‘होत आलंय’ म्हणा. ते कायम खरं असतं.

पेपर सुटल्यावर, निकाल लागल्यावर, सुटल्याच्या आनंदात अकरावीचं पुस्तक मात्र रद्दीवाल्याला देऊ नका. बारावीच्या पहिल्या भागातला तिसरा धडा पुन्हा त्रिकोणमितीचाच आहे, आणि एमएचटी-सीईटीत 20 टक्के भाग अकरावीचा असतो.